क्लॅरिओनेटचा वैद्य

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, घरातलं घड्याळ बंद पडलं तर कुठं जायचं, हे आपल्याला ठाऊक असतं. शिलाई मशीन अडलं, पेटीचा भाता फाटला, तबल्याची शाई उडाली, तरी आपल्या नाशकात दोन-चार ठिकाणी चौकशी केली की माणूस सापडतो. पण ऐंशी-नव्वद वर्षांची जुनी क्लॅरिओनेट दुरुस्त करायची असेल तर कुठं जायचं? मला या प्रश्नाचं उत्तर शोधायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात एकदा हातून मोठी चूकही झाली. त्याचीच हकीगत आज तुम्हाला सांगणार आहे. कारण प्रश्न माझ्या एका वाद्याचा असला, तरी जुनी वस्तू दुरुस्तीला कोणाच्या हातात द्यावी, हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक घरात येतो.

क्लॅरिओनेट तुम्ही नक्की पाहिलेली आहे. लग्नाच्या वरातीत, बँडच्या पुढच्या रांगेत, काळ्या लाकडाची हातभर नळी आणि तिच्यावर रुपेरी चाव्यांचं जाळं, ती क्लॅरिओनेट. नव्या पुस्तकांत क्लॅरिनेट लिहितात, पण आमच्या घरात जुनाच उच्चार रुळलेला आहे. सुमारे १७०० साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या डेनर नावाच्या कारागिराने हे वाद्य घडवलं असं मानतात. आपल्याकडे ते इंग्रजी पलटणींच्या बँडबरोबर आलं आणि इथलंच होऊन गेलं. लग्नाच्या बँडमध्ये शिरलं, नाटकाच्या साथीला बसलं, सिनेमाच्या वाद्यवृंदात गेलं. मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिओनेटवर वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या तबकड्या एके काळी घरोघरी वाजत असत.

आमचे वडील, म्हणजे दादा, जुन्या नाशकातल्या एका बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. दिवसा भांडी बाजारात एका दुकानात तागडी धरायची आणि लग्नसराईत संध्याकाळी लाल कोट चढवून वरातीपुढं चालायचं. क्लॅरिओनेट त्यांना बँडच्या मालकांनी दिली होती. मालकांनी १९३० च्या सुमारास देवळाली कॅम्पातल्या लष्करी लिलावात जुनी वाद्यं एकगठ्ठा विकत घेतली होती. कॉर्नेट, युफोनियम, मोठा ढोल आणि दोन क्लॅरिओनेट. हा तपशील लक्षात ठेवा, त्याचं काम पुढं पडणार आहे.

दादांच्या आयुष्यात १९५३ साली एक प्रसंग घडला. तो त्यांनी आम्हाला फक्त एकदा सांगितला. एक नाटक कंपनी नाशिकला मुक्कामाला आली होती. त्यांचा क्लॅरिओनेटवाला आजारी पडला आणि कोणीतरी दादांचं नाव सुचवलं. दादांना आभाळ ठेंगणं झालं. रस्त्यात वाजवणारा माणूस नाटकाच्या साथीला बसणार! पण तालमीत पहिल्याच पदाला ऑर्गनवाले थांबले. म्हणाले, तुमचा सूर चढा लागतोय. दादांनी वाद्याचे जोड ओढून लांबी वाढवली. तेव्हा एक सूर जमला, पण बाकीचे आपापसात फाटले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांना गोड शब्दांत सांगण्यात आलं की, उद्यापासून आला नाहीत तरी चालेल.

दादांनी त्या दिवशी निष्कर्ष काढला की दोष आपल्या कानाचा आहे. रस्त्यावरच्या गोंगाटात वाजवून कान मेला. बँडमध्ये ते वाजवत राहिले, तिथं कोणी कधी बेसूर म्हटलं नाही. पण घरात ते पुन्हा कधी गुणगुणले नाहीत. आणि खरा फटका बसला माझ्या थोरल्या बहिणीला. ताईचा गळा चांगला होता. शाळेतल्या बाईंनी घरी येऊन सांगितलं, हिला गाणं शिकवा. दादा म्हणाले, "बाई, आमच्या रक्तात सूर नाही. पोरीचं हसं होईल." विषय तिथंच संपला.

दादा १९८९ साली गेले. क्लॅरिओनेट ट्रंकेत राहिली. २००८ साली मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो, माळा आवरायला काढला आणि ती पेटी हाती आली. लाकूड कोरडं पडलेलं, वरच्या तुकड्याला केसाएवढी चीर, एक चावी मोडलेली, पॅड कसरीने खाल्लेले. मला दादांनी लहानपणी चार सुरावटी शिकवल्या होत्या, तेवढ्या पुन्हा वाजवाव्यात असं वाटलं. म्हटलं, दुरुस्त करून घेऊ, त्यात काय एवढं!

आधी गावातल्या बँडवाल्यांकडे गेलो. त्यांनी प्रेमाने चहा पाजला आणि म्हणाले, "गुरुजी, नवी घ्या. दुरुस्तीच्या पैशात नवी येईल." त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. बँडची वाद्यं उत्तरेत मेरठला तयार होतात. तिथल्या जली कोठी भागात हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि तिथली नादिर अली ही पेढी १८८५ सालची आहे. स्वस्त वाद्य सहज मिळतं, त्यामुळं जुनं दुरुस्त करण्यात कोणाला वेळ घालवायचा नसतो. त्यातून डीजेच्या भिंती आल्या आणि वरातीतले वाजवणारेच कमी झाले. वाजवणारे घटले की दुरुस्त करणारे त्याच्याही आधी नाहीसे होतात.

मग मिरजेला गेलो. निमित्त ताईचं होतं. तिने साठीनंतर भजनी मंडळात गायला सुरुवात केली होती आणि तिला तंबोरा हवा होता. मिरजेच्या तंतुवाद्यांची कीर्ती मी काय सांगावी! शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतले हात सतार-तंबोऱ्याकडे वळले, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोरा उत्तम मिळाला. क्लॅरिओनेट दाखवली तेव्हा तिथल्या वृद्ध कारागिराने ती दोन्ही हातांनी घेतली, फिरवून पाहिली आणि परत दिली. म्हणाले, "लाकूड झकास आहे. पण हे फुंकीचं वाद्य. आमचा हात तारेचा. उगाच हात लावणं बरं नव्हे." त्या वेळी मला निराशा वाटली. आज वाटतं, त्या दीड वर्षात मला भेटलेला तो पहिला चांगला दुरुस्तीकार होता. आपलं काम कुठं संपतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मुंबईला धोबी तलावावरही गेलो. जेर महालमध्ये फुर्टाडोंचं दुकान आहे, १८६५ साली सुरू झालेली ही पेढी. तिथं रीड मिळाल्या. रीड म्हणजे माउथपीसला बांधायची बोरूची पातळ पट्टी. ती थरथरते तेव्हा आवाज निघतो. हा बोरू दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याकडचा नावाजलेला आहे. म्हणजे सामान मिळत होतं, पण ते बसवणारा हात मिळत नव्हता.

आणि मग माझ्याकडून ती चूक झाली. एका शहरात, त्याचं नाव सांगत नाही, एक दुरुस्तीवाले भेटले. अगदी आत्मविश्वासाने बोलणारे. मी त्यांना म्हटलं, "जरा चढी वाजते, तेवढं बघा." म्हणजे दादांनी १९५३ साली ऐकलेला निकाल मी २००९ साली जसाच्या तसा त्यांच्या हवाली केला. आठ दिवसांनी वाद्य परत मिळालं. चाव्या आरशासारख्या चकचकीत झालेल्या. मी खूष झालो. घरी येऊन फुंकलं, तर निम्मे सूर उमटेचनात. नीट पाहिलं तेव्हा कळलं की, सूर उतरावा म्हणून तीन भोकांच्या कडांना दोन नळ्यांमधलं मिश्रण कालवून करतात तो पक्का डिंक भरला होता. चिरेतही तोच डिंक. चाव्या यंत्रावर इतक्या घासल्या होत्या की त्या बिजागरीत खुळखुळत होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. वाद्य ऐंशी वर्षं टिकलं होतं आणि मी ते आठ दिवसांत बिघडवून आणलं होतं.

त्यानंतर सहा महिने मी पेटी उघडलीच नाही. शेवटी ताईच्या भजनी मंडळातल्या एका बाईंनी सांगितलं, "अहो, देवळालीला आमच्या शेजारी लष्करातले बँडवाले सुभेदार राहतात. रोज सकाळी असलंच काहीतरी वाजवत असतात." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा!

सुभेदारसाहेब मूळचे साताऱ्याकडचे. पचमढीला लष्कराच्या संगीत विभागात शिकलेले. हा विभाग १९५० साली सुरू झाला आणि आपल्या सैन्यातले वादक आणि बँडमास्तर तिथं तयार होतात. निवृत्तीनंतर ते देवळालीतच स्थायिक झाले होते. मी पेटी पुढं ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. आधी विचारलं, "कोण वाजवायचं? काय वाजवायचं? शेवटची कधी वाजली?" मी सगळं सांगितलं, नाटक कंपनीचा प्रसंगही सांगितला. ते ऐकत राहिले. मग त्यांनी पेटी उघडली, चाव्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "डाव्या करंगळीचा हात दणकट होता तुमच्या वडिलांचा. ही चावी बघा कशी झिजलीय."

मग त्यांनी तपासणी सुरू केली. सिगारेटचा पातळ कागद घेतला, त्याची अरुंद पट्टी कापली. पॅडखाली ठेवून चावी मिटायची आणि पट्टी हळूच ओढायची. पॅड सगळीकडून नीट बसलं असेल तर पट्टी अडते, एका बाजूने जरी सुटली तरी तिथून हवा गळते. क्लॅरिओनेटमध्ये एवढीशी गळतीही पुरते, खालचे सूर उमटत नाहीत. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. वाद्याच्या तुकड्याचं खालचं तोंड तळहाताने बंद करायचं, बोटांनी भोकं झाकायची आणि वरून हवा ओढून घ्यायची. नळी जिभेला धरून राहिली, सोडताना टप् असा आवाज आला, तर वाद्य घट्ट आहे. आमचं वाद्य हूं की चूं करत नव्हतं.

तिसरी परीक्षा मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हती. त्यांनी आपली स्वतःची क्लॅरिओनेट आणून दादांच्या क्लॅरिओनेटशेजारी चटईवर ठेवली. दोन्ही एकाच पट्टीच्या जातीच्या. पण दादांची क्लॅरिओनेट दीड-दोन सेंटिमीटरने आखूड होती. आणि नुसती आखूड नव्हे, तिची सगळी भोकं त्याच प्रमाणात वर सरकलेली होती. सुभेदारसाहेब हसले. म्हणाले, "गुरुजी, ही बेसूर नाही. ही चढ्या पट्टीची आहे. बनवलीच तशी."

श्रोतेहो, आता हे थोडं समजावून सांगतो. आज जगभर वाद्यं जुळवताना एक ठरावीक सूर धरतात, सेकंदाला ४४० कंपनांचा. पण हा नियम पूर्वीपासूनचा नाही. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने ४३५ कंपनं ठरवली होती. इंग्लंडमध्ये त्याच शतकात सूर चढत चढत ४५२ च्या पुढं गेला आणि इंग्रजी पलटणींचे बँड तोच सूर धरून बसले. १९२० च्या दशकाच्या अखेरीला लष्करी बँडांनी तो सोडला. इंग्लंडमधल्या पितळी बँडांत तर तो १९६० च्या दशकापर्यंत टिकला. ४४० कंपनांवर १९३९ साली लंडनच्या परिषदेत एकमत झालं.

४४० आणि ४५२ यांत फरक किती? षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यामध्ये जे अंतर असतं, त्याच्या जवळजवळ निम्मा. म्हणजे पेटीची एक पट्टी आणि तिच्या शेजारची पट्टी, यांच्या बरोबर मध्ये, जिथं पट्टीच नसते, तिथं दादांचा सूर होता. ऑर्गनवाल्यांचं चुकलं नव्हतं. दादांचंही चुकलं नव्हतं. जोड ओढून लांबी वाढवली, तर माउथपीसजवळच्या भोकांवर त्याचा परिणाम जास्त होतो आणि दूरच्या भोकांवर कमी. म्हणून एक सूर जमला की बाकीचे फाटणारच.

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. लष्कराने पट्टी बदलली, म्हणून जुनी वाद्यं मोडीत निघाली. ती देवळालीच्या लिलावात आली आणि आमच्या बँडच्या मालकांनी अख्खा संच उचलला. बँडमधली सगळीच वाद्यं त्याच चढ्या पट्टीची, म्हणून तिथं दादा कधी बेसूर ठरले नाहीत. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं मुंबई टाइमची गोष्ट सांगायची. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली ठरली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत चालवली. त्या घड्याळाने चालणारा माणूस स्टेशनवर उशिरा पोचला, तर घड्याळ बिघडलं असं म्हणायचं का?

आता दुरुस्तीचं सांगतो. सुभेदारसाहेब म्हणाले, "मी एकटा सगळं करणार नाही. ज्याचं काम त्याला देऊ." मोडलेली चावी जर्मन सिल्व्हरची होती. ती सराफ बाजारात त्यांच्या ओळखीच्या सोनाराने चांदीचा डाग देऊन अशी सांधली की सांधा शोधावा लागतो. बिजागरीच्या झिजलेल्या दांड्या सातपूरच्या एका टर्नरने लेथवर नव्या केल्या. जुन्या इंग्रजी वाद्यांचे आटे आजच्या मापात बसत नाहीत, ते एकेक हाताने जुळवावे लागतात. आपल्या गावात विमानांचा कारखाना आहे, छापखाने आहेत, सातपूर-अंबडला हजारो लेथ फिरतात. इतके बारीक हात नाशकात आहेत, फक्त ते क्लॅरिओनेटचे आहेत हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. दोन चाव्यांच्या निळसर पोलादी स्प्रिंगा तुटल्या होत्या. तिथं शिवणाची सुई योग्य तेवढी तापवून, नरम करून बसली.

पॅड मात्र त्यांनी स्वतः बसवले. पुठ्ठा, त्यावर नमदा आणि त्यावर गुरांच्या आतड्याचं कागदासारखं पातळ कातडं, असं हे पॅड असतं. ते चावीच्या वाटीत बसवायला त्यांनी चपडी वापरली. चपडी म्हणजे फर्निचरच्या पॉलिशला लागते तीच लाख. पळस, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांपासून ती मिळते आणि झारखंड-छत्तीसगडच्या रानांतून येते. स्पिरिटच्या दिव्यावर वाटी किंचित गरम केली की लाख मऊ होते आणि पॅड केसभर इकडे-तिकडे सरकवता येतं. मी विचारलं, "आता इतके नवे डिंक निघालेत, मग लाखच का?" ते म्हणाले, "गुरुजी, माझं चुकलं तर उद्या माझ्यानंतरच्याला ते काढता आलं पाहिजे." दक्षिणेत नादस्वरमच्या भोकांना मेण लावून सूर साधतात, त्याचंही कारण त्यांनी हेच सांगितलं. मेण नखाने निघतं.

भोकांतला तो पक्का डिंक काढायला त्यांना तीन आठवडे लागले. रोज थोडा, लाकडाला ओरखडा न पडू देता. चिरेतला काही त्यांनी काढला नाही. म्हणाले, काढायला गेलो तर चीर वाढेल. ती तशीच राहील, तिच्यासह वाजेल. हे लाकूड आफ्रिकेतल्या ब्लॅकवुडचं, आपल्या शिसवीचं भावंड. ते पाण्यात बुडेल इतकं जड असतं, पण आतून फुंकरीने दमट आणि बाहेरून कोरडं झालं की फुटतं. नाशकात आषाढात हवा ओली आणि पौषात निफाडकडून येणारी थंडी कोरडी. म्हणून त्यांनी मला पथ्य घालून दिलं. पहिला महिना रोज फक्त दहा मिनिटं वाजवायचं, वाजवल्यावर आतून फडक्याने पुसायचं, थंडीत आधी हातांनी ऊब द्यायची आणि कपाटात पंख्याखाली उघडी ठेवायची नाही.

काम पूर्ण झालं तेव्हा त्यांनी मला एक कागदी पाकीट दिलं. त्यात काढलेले जुने पॅड, तुटलेल्या स्प्रिंगा, झिजलेल्या दांड्या, सगळं होतं. चाव्यांना त्यांनी पॉलिश केलं नाही. "आधीच पुष्कळ घासल्यात," एवढंच म्हणाले.

मी शेवटचं विचारलं, "सूर खाली आणता येणार नाही ना?" ते म्हणाले, "नाही. आणू पण नका. पेटीला जमत नसेल तर पेटी बाजूला ठेवा. तंबोरा लावा की तिच्या सुरात. तंबोऱ्याला कोण अडवतंय?"

श्रोतेहो, हे वाक्य ऐकून मी स्तब्ध झालो. आपल्या संगीतात षड्ज कुठंही धरता येतो, हे मला काय माहीत नव्हतं? पण साठ वर्षं आमच्या घरात कोणाला ते सुचलं नाही.

त्या रविवारी मी पंचवटीत ताईकडे गेलो. तिला सगळं सांगितलं, दोन क्लॅरिओनेटांच्या लांबीतला फरक बोटांनी दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे एवढ्याशा लाकडासाठी." आणि आत जाऊन चहा ठेवला. बाहेर आली तेव्हा तंबोरा घेऊनच आली. मी दादांच्या क्लॅरिओनेटवर एक सूर लांबवला, तिने खुंट्या पिळल्या. मणी सरकवत, कान लावत तिने जोड त्या सुराशी मिळवली. पेटीच्या दोन पट्ट्यांमधला तो सूर खोलीत भरून राहिला. ताई गायली नाही. नुसती तारा छेडत बसली. मीही चार सुरावटींच्या पुढं गेलो नाही. पण मध्येच तिने मान हलवली, तशी मान सुरात असलेलं माणूसच हलवतं.

ही २०१० सालची गोष्ट. सुभेदारसाहेब २०१९ साली गेले. त्यांची हत्यारं, तो स्पिरिटचा दिवा आणि लाखेची डबी आज सातपूरच्या त्या टर्नरकडे आहे. आपली शिफ्ट संपवून ते सुभेदारसाहेबांकडे पॅड बसवायला शिकत होते. माझी क्लॅरिओनेट आता त्यांच्याच देखरेखीखाली असते.

तेव्हा तुमच्याही घरात एखादं जुनं वाद्य पडलेलं असेल, सनई असेल, पेटी असेल, व्हायोलिन असेल, तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. जो माणूस वाद्य उघडण्याआधी ते कोण वाजवायचं, काय वाजवायचं हे विचारतो, त्याच्याकडे थांबा. जो म्हणतो, हे माझं काम नाही, त्याला नमस्कार करून त्याचाच सल्ला घ्या. जो सगळ्याच्या आधी चकाकी आणून देतो, त्याच्यापासून जपून राहा. केलेलं काम पुढं कोणाला उलगडता येईल का, हे विचारायला लाजू नका. काढलेले जुने भाग परत मागून घ्या. आणि माणूस एकच असेल असं समजू नका, तो सोनारात, टर्नरमध्ये, निवृत्त सुभेदारात विखुरलेला असू शकतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दुरुस्तीला नेताना वाद्याबरोबर त्याच्यावरचा जुना ठपका नेऊ नका. मी "चढी वाजते" असं सांगून नेली, म्हणून समोरच्याने तिची भोकं बुजवली. बिघाड आहे की नाही, हे आधी पाहू द्या. कधी कधी वाद्य ठीक असतं आणि वाजवणाराही ठीक असतो. फक्त दोघांना चुकीच्या सुराशेजारी बसवलेलं असतं.